एक बोल्ट काढून दाखव

आधी नाव लिहितो, मग बाकीचं. गुलाबभाई मिस्त्री. नगरला पुण्याच्या रस्त्यालगतच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकची इंजिनं उघडून बसणारे, आम्हा ड्रायव्हर लोकांचे गुलाबचाचा. सातवीतून शाळा सोडून मी तळकोकणातून कौलांच्या एका ट्रकबरोबर या मुलखात आलो, तापानं फणफणलो आणि त्या मालकानं मला नाक्यावर उतरवून दिलं, तेव्हा शेडमध्ये पोत्यावर झोपायला जागा दिली ती यांनीच. देताना म्हणाले होते, “मरायचं असंल तर भायेर जाऊन मर. हितं आधीच तेलाचे डाग लई पडल्यात.” मग आठ दिवस त्यांच्या घरून, जैतुनचाचींच्या हातची, भाताची पेज येत राहिली. हा कोकणातला, याला भाकरी उतरायची नाही, असं त्यांनीच घरी सांगितलं होतं म्हणे. मला कधी बोलले नाहीत.

ते गेल्याचं मला जकात नाक्यावर कळलं. देवळाली प्रवऱ्याहून गूळ भरून येत होतो. पावती फाडता फाडता कारकून म्हणाला, “तुमचा मिस्त्री गेला की. परवा.” मागच्या गाडीनं हॉर्न दिला म्हणून मी गाडी पुढं घेतली... एवढंच. मूठभर माती द्यायलाही मी नव्हतो.

आता महिना होत आला. गल्लीत जो तो सांगतो, काय गोड माणूस होता. हे खोटं आहे. चाचा गोड नव्हते. गिऱ्हाइकानं इंजिनाचा आवाज तोंडानं काढून दाखवला की ते त्याच्याकडे, ताटात केस निघावा तसं बघायचे. नवीन गाडीवर मोत्यांच्या माळा सोडणाऱ्याला ते “नवरदेव” म्हणत, आणि जुनी गाडी घ्यायची म्हणून विचारायला आलेल्याला काहीच म्हणत नसत. नुसते पानाची पिंक टाकायला बाहेर जात. त्यांचा तो तुच्छपणा मला फार वर्षं झोंबला. आज मी जो दोन वेळा जेवतो, तो त्या तुच्छपणामुळे जेवतो, म्हणून हे लिहायला बसलो.

दुष्काळाचं वर्ष होतं. जागोजाग सरकारी कामं निघाली होती, रस्त्यांवर माणसं खडी फोडत होती आणि ती खडी वाहायला ट्रक मिळत नव्हते. ज्याच्याकडे चार चाकं त्याला काम, अशी हवा. मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो आणि मला मालक व्हायची घाई झाली होती. निघताना थोरल्या भावानं विचारलं होतं, शाळा सोडून काय दिवे लावणार? मी म्हटलं होतं, स्वतःच्या गाडीतून येईन, त्याशिवाय उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. हे बोलून बसलो होतो आणि आठ वर्षं घरी गेलो नव्हतो.

जामखेडच्या रस्त्याला एक बंद पडलेली वीटभट्टी होती. तिथं कडुलिंबाखाली एक ट्रक उभा होता. मिलिटरीच्या लिलावातून कधीतरी आलेला, दोन हातांतून फिरून पोपटशेठ नावाच्या दलालाकडे पोचलेला. किती वर्षं चालू झाला नव्हता ते कुणालाच सांगता येत नव्हतं. टायरांच्या जागी विटांचे थर, बॉनेटखाली मुंगसाचं बिऱ्हाड, सीटच्या स्प्रिंगांतून एरंड उगवून वर आलेला. आणि या अवशेषाभोवती रोज संध्याकाळी चार शहाणे जमत. एक म्हणे, मिलिटरीचं लोखंड हाय. दुसरा म्हणे, असलं लोखंड आता इलायतेतबी मिळत न्हाई. तिसरा चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, थाप मारून आवाज ऐकवी आणि मान डोलवी. यांतल्या एकानंही आयुष्यात सायकलचं पंक्चर काढलेलं नव्हतं. पोपटशेठ या मंडळींना चहा पाजायचा, आणि त्याला वाटे की तो गाडी विकतो आहे. खरं तर लोखंड, लोखंड म्हणत ती मंडळीच गाडी माझ्या गळ्यात बांधत होती. आज त्या चौघांची आठवण आली की मला हसू येत नाही, किळस येते. आणि त्यांच्या मधोमध उभं राहून मान डोलवणारा पाचवा मी होतो, याची जास्त येते.

आठ वर्षांत साठवलेलं सगळं त्या ट्रकवर घालायचं मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं. इतकं ठरवलं की घरी पत्र लिहिलं, गाडी घेतोय. आईनं शेजारणीकडून उलट टपाली लिहून घेतलं, पाटीवर ग्रामदेवीचं नाव घाल. ते पत्र खिशात ठेवूनच मी चाचांना गाडी दाखवायला नेलं.

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चासी बघितली नाही, इंजिनात डोकावले नाहीत. एरंडाचं एक पान तोडून नाकाला लावलं आणि म्हणाले, “झाड चांगलं आलंय.”

“चाचा, थट्टा नको. घेऊ का नको, तेवढं सांगा.”

“मी कशाला सांगू? गाडीलाच इचार.” मग त्यांनी इंजिनावरचं ते जड झाकण दाखवलं, ज्याला आम्ही हेड म्हणतो. ते बोल्टांनी आवळून बसवलेलं असतं. त्यातल्या कोपऱ्यातल्या एका बोल्टावर बोट ठेवून म्हणाले, “सगळं इंजिन खोलायचं न्हाई. ह्यो एक बोल्ट काढून दाखव. साबूत. आला तर घे गाडी, मी बांधून देतो. मजुरी नको. न्हाई आला तर हिचं नाव माझ्यासमोर काढायचं न्हाई.”

मला तो अपमान वाटला. एवढ्या मोठ्या गाडीचा निकाल एका बोल्टावर? पण चाचांनी मजुरीशिवाय इंजिन बांधून द्यायचं म्हटलं होतं, आणि तेवढंच मी ऐकलं. पद्धतही त्यांनीच सांगितली. जाईन तेव्हा रॉकेल सोडायचं, हातोडीनं हलक्या टिचक्या मारायच्या, आणि पाना लावून पाव आटा, म्हणजे पाव वळसा, पुढं, पाव आटा मागं. जोर करायचा नाही. लागंल तर महिना लागू दे. “लोखंड गंजतं तेवा घाई करत न्हाई. तूबी करू नको.”

तीन आठवडे सुट्टीच्या दिवशी मी भट्टीवर जात होतो. रॉकेल, टिचक्या, पाना. बोल्ट दगडासारखा. तिसऱ्या आठवड्यात मात्र तो केसभर हलला, देवाशपथ हलला, आणि ही बातमी मी मूर्खासारखी पोपटशेठला सांगितली.

पुढच्या खेपेला जाऊन बघतो तर ट्रकला झेंडूचा हार. काचेवर हळदीकुंकवाची बोटं. ते चारही शहाणे टोप्या घालून हजर, आणि पोपटशेठच्या हातात नारळ. आमच्याकडे गाडीपुढं नारळ फुटतो तो घेऊन झाल्यावर. इथं आधीच. मी म्हटलं, “शेठ, अजून ठरलं नाही.” तो म्हणाला, “अहो, ठरायचं काय? बोल्ट हालला म्हंजे देवाचा कौल आला. शुभ दिवस हाय, काढा तुमी बोल्ट, आमी बघतो.” आणि खाडकन् बंपरवर नारळ फोडून मोकळा झाला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर आला. आता एवढ्या माणसांसमोर, एवढ्या झेंडूसमोर, मी पाव आटा पुढं नि पाव आटा मागं करत बसणार होतो का? पान्याला हातभर लांब पाईप जोडला आणि सगळं अंग टाकलं.

कट्. मोठा आवाजही झाला नाही. वरचा तुकडा पान्यात आला, खालचा आत राहिला.

मग पोपटशेठनं हात जोडून, लग्नात मुलीचा बाप जोडतो तसे, सांगितलं, “नारळ फुटला, बोल्ट तुटला, गाडी तुमची.” चौघांनी माना हलवल्या. तोडलं त्यानं घ्यावं, हे त्यांना एकदम न्यायाचं वाटायला लागलं. जो माणूस कालपर्यंत लोखंड अमर आहे म्हणत होता तोच आता म्हणाला, “इंजिनाची वाट लावली की हो पोरानं.” चारचौघांत भांडायचं बळ मला कधीच नव्हतं. परक्या मुलखात ते येत नाही. मी मान खाली घालून म्हटलं, मिस्त्रींना विचारून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. सायकलवर. हँडलला हातड्रिल, मागं लोखंड तापवायचा ब्लो लॅम्प आणि अवजारांची पिशवी. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी कातडी सोलणार. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुकलेला हार काढून पोपटशेठच्या बकरीपुढं टाकला, सदरा काढून आरशाला अडकवला आणि बॉनेट उघडून बंपरवर चढले. ऊन तापत गेलं. मोडक्या बोल्टाच्या बरोबर मधोमध हातानं भोक पाडायचं, त्यात चौकोनी घासलेला पोलादाचा तुकडा ठोकायचा, भोवतीचं लोखंड तापवायचं आणि मग त्या तुकड्याला पाना लावून आतला बोल्ट हळूहळू उलटा आणायचा. भोक केसभर तिरकं गेलं की आटे गेले. त्यांचं वय साठीच्या पुढं, पाठ कामातून गेलेली. मी खाली उभा राहून अवजारं देत होतो.

मध्येच, ड्रिल न थांबवता, त्यांनी विचारलं, “तुझ्या गावात काय हाय रं, कोकन्या?”

“समुद्र.”

“अजून?”

“समुद्रच आहे, चाचा.”

“खारं पानी. प्यायला येत न्हाई, पिकाला चालत न्हाई, वर लोखंड खातंय.” त्यांनी भोकातला चुरा फुंकला. “अन् हितं हांडाभर पान्याला बाया कोसभर चालत्यात... किती हाय म्हनला?”

“दिसतं तिथवर.”

“फुकट हाय,” ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

दुपारची नमाज त्यांनी तिथंच लिंबाखाली पढली, आणि उठल्यावर थोड्या वेळात तो तुकडा वर आला. आटे शाबूत. त्यांनी पिशवीतून नवा बोल्ट काढला, ग्रीस लावून दोन बोटांनी आत बसवला, मग पोपटशेठला हाक मारली.

“शेठ, हितं या. गाडी कशी व्हती?”

“होती तशी... चांगली होती की.”

“आता व्हती तशी हाय. न्हाई, चुकलं. एका बोल्टानं सुधारली. हिच्यात चालू असलेली एकच वस्तू हाय, ती माझी हाय. बोला, ह्या पोराचं काय देनं लागतं?”

पोपटशेठ काहीतरी शुभ दिवसाचं बोलायला लागला. चाचांनी बंपरवरचा नारळाचा उरलेला तुकडा उचलून फुंकला, खाल्ला आणि म्हणाले, “नारळ बरा हाय. गाडी नको.” ते चार शहाणे तेवढ्यात कुठं गेले ते मला कळलं नाही.

परत येताना मी त्यांची सायकल ढकलत होतो. आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाले, “माझा अर्धा दिवस गेला. त्यो तुझ्याकडं ऱ्हायला. ध्यानात ठेव.”

मी ध्यानात ठेवलं ते वेगळंच. म्हाताऱ्याला आपण मालक झालेलं बघवलं नसतं, असं मी मनात धरलं आणि दोन महिने शेडकडे फिरकलो नाही. पुढं जामखेडकडच्या दोघा मेव्हण्यांनी तो ट्रक घेतला. नारळ फुटला, हार पडला, मंडळी तीच. त्यांनी हेड काढायला घेतलं आणि त्यांच्या हातून एका दिवसात पाच बोल्ट मोडले. ट्रक अजून त्याच लिंबाखाली आहे, एरंड टपाला लागला आहे, आणि ते दोघे एकमेकांच्या घरच्या लग्नालासुद्धा जात नाहीत. हे डोळ्यांनी बघून आल्यावर मी शेडमध्ये गेलो. चाचांनी विचारलं, “चा घेनार का?”

पण घरी मी खरं कळवलं नाही. गाडी कामावर आहे, सवड झाली की येतो, असंच लिहीत राहिलो. वर्ष गेलं. त्या चार शहाण्यांना मी नावं ठेवतो, तर माझं प्रत्येक पत्र त्यांच्याच तोंडचं होतं.

मागच्या शुक्रवारी चाचींना भेटायला गेलो. शेड बंदच आहे, पण त्यांनी किल्ली दिली. आत सगळं होतं तसं, पान्यांच्या जागी पाने, पोतं कोपऱ्यात. खिडकीत बिलांच्या कागदांवर वजन म्हणून तो मोडका बोल्ट ठेवलेला, दोन्ही तुकडे तारेनं एकत्र बांधून. जुन्या गाडीबद्दल विचारायला कुणी आलं की चाचा हल्ली पिंक टाकायला उठत नसत म्हणे, तो बोल्ट त्याच्या हातावर ठेवत आणि म्हणत, “ही घे गाडी.” चाची शेडमागच्या घराच्या दारात उभ्या राहून सांगत होत्या. मग म्हणाल्या, “तुझ्या गावाला दर्या हाय न्हवं? मला म्हनले हुते, कोकन्याकडं आपला अर्धा दिवस हाय, त्यो आपल्याला घिऊन जानार हाय. म्यां म्हनलं, त्याची गाडी कुठं हाय? तर म्हनले, गाडी कशाला लागती, गडी हाय की.”

मी बोल्ट परत होता तिथं ठेवला. खोलीवर आल्यावर भावाला पत्र लिहिलं. गाडी नाही, कधीच नव्हती, दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, तसाच येणार आहे. आणि पेटीत टाकलं. चाचींची इद्दत, नवऱ्यामागं घरातच काढायचे ते चार महिने दहा दिवस, संपली की मालकाकडे रजा मागणार आहे. कोकणात जाणाऱ्या कुठल्याही गाडीत चाचींना पुढच्या सीटवर बसवीन, आमच्या वाळूवर नेऊन उभं करीन आणि दिसतं तिथवर दाखवीन. चाचा, तुमचा अर्धा दिवस माझ्याकडे आहे. तो मी फेडीन.