सुनेनं जोडलेला कॉम्प्युटर

ये, अशी जवळ बस म्हटलं असतं, पण तू बसलीस तिकडं पुण्यात. म्हणून लिहून सांगते, आणि आधी थोडं रागावते. फोनवर काय म्हणालीस तू? दुकानातनंच जोडून आणायचा होता, वहिनीनं एवढा व्याप कशाला केला? असं बोलू नये, बाई. काकीनं सांगितलेलं अर्धं ऐकलंस आणि वहिनीला बोल लावून मोकळी झालीस.

तुझा दादा गेल्यापासून वहिनी घरात बसून फौंड्रीवाल्यांची ड्रॉइंगं काढून देते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो कसा असावा, ते कॉम्प्युटरवर काढायचं काम. दादाच्या वेळचा जुना कॉम्प्युटर बंद पडला, तो दुरुस्तच होईना. काम देणाऱ्यानं सांगितलं, सोमवारी ड्रॉइंग आलं नाही तर काम दुसऱ्याला जाईल. आणि काम गेलं तर ही राधानगरीला, माहेरी निघणार होती. मला बोलली नव्हती. भावाशी फोनवर बोलताना मी ऐकलं. त्या दिवसापासून घास गिळवत नव्हता मला. लेक गेला, आता सूनही जाणार.

दादा असताना असले डबे घरीच जोडायचा, ती शेजारी बसून स्क्रू द्यायची. दुकानवाला जोडून द्यायला चार दिवस मागत होता, म्हणून तिनं सुटे भाग आणले, टेबलावर पेपर अंथरला आणि रविवारी सगळा दिवस एकटी जोडत बसली. स्क्रूची वाटी या खेपेला माझ्या हातात होती.

आता आपल्याकडं मोटरसायकल येऊ दे नाहीतर पिठाची चक्की, हळदकुंकू लावल्याशिवाय कुणी बटण दाबत नाही. मी म्हटलं, लाव की तूच. तर म्हणाली, नको आई, काकींना बोलवा. माझंही कपाळ रिकामं, मग खालच्या मजल्यावरनं तुझ्या थोरल्या काकीला हाक मारली. जाऊबाईंनी डब्याला हळदकुंकवाची बोटं ओढली, उंबऱ्यावर नारळ फोडला, वहिनीनं बटण दाबलं. आतले पंखे भरभर फिरायला लागले. पडदा मात्र काळाच. आम्ही तिघी त्या काळ्या पडद्याकडं बघत उभ्या.

जाऊबाईंचा आवाज तुला ठाऊकच आहे, हळू बोलल्या तरी गल्लीत ऐकू जातं. म्हणाल्या, “जोडतानाच सवाशिणीचा हात लागाय पायजे हुता. आता मागनं कुंकू लावून काय हुतंय?”

वहिनीचे कान लाल झाले. तिनं प्लग काढला आणि बाजूचं झाकण उघडलं.

मला त्यातलं काही कळत नाही, डोळ्यांनी बघितलं ते सांगते. आधी तिनं पडद्याची वायर बदलली. नाही. मग विजेची जाड वायर काढून परत घट्ट बसवली. नाही. दर वेळी प्लग लावायचा, बटण दाबायचं, वाट बघायची आणि दर वेळी जाऊबाईंचा एक सुस्कारा. शेवटी तिचे हात थांबले.

“आई,” ती म्हणाली, “खरंच माझ्या हाताचं असंल का हो?”

जाऊबाई समोर बसल्या होत्या, तरी मी बोलले. “यंत्राला काय कळतंय गं, कोण सवाशीण आणि कोण न्हाय. त्याला वीज लागती. कुठं अडलीया ती बघ.”

मग ती खाली वाकली. मी मोबाईलचा उजेड धरला. आतल्या हिरव्या पाटीवर एक बारका लाल दिवा जळत होता, त्याच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं. ती वाचून म्हणाली, रॅमचा दिवा आहे हा. रॅम म्हणजे फणीसारखी एक पट्टी, खाचेत उभी बसवायची. तिचं एक टोक नीट बसलं होतं, दुसरं नखभर वर. मोडंल म्हणून हळूच दाबली होती म्हणे. आता तिनं दोन्ही अंगठे ठेवले आणि जोर लावला. पाटी वाकल्यागत झाली, मी डोळे मिटून घेतले. टक् झालं.

बटण दाबल्यावर परत काळंच. बराच वेळ काळं. जाऊबाई उठायला लागल्या, आणि तेवढ्यात पडद्यावर पांढरी अक्षरं आली. वहिनी खुर्चीत बसली आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. जाऊबाई चहा न घेताच खाली गेल्या.

मी करंडा तिच्यापुढं ठेवला. आता तू लाव. ती म्हणाली, लावलंय की काकींनी. म्हटलं, ते राहू दे, जोडलंयस तू. बोटाला कुंकू घेऊन ती किती वेळ नुसतीच बघत राहिली. मग लावलं.

ड्रॉइंग सोमवारी गेलं. काम राहिलं, तीही राहिली. आत तिची बटणं वाजत असतात, मी बाहेर भाजी निवडते. काकी विरजणाला येतात, त्या खोलीत मात्र पाऊल टाकत नाहीत. या वयात त्यांच्याशी काय भांडू? पण तू शिकलेली आहेस. तू तसलं मनात आणू नकोस.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची, या कॉम्प्युटरची सुद्धा, पूजा तिनंच करायची, असं मी म्हटलंय. ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. काकी त्या दिवशी वर येतीलच. तू शेजारी उभी असलीस तर ती करंडा काकींच्या हातात द्यायची नाही. तर सुट्टी काढ, आणि सणाला नव्हे, आधीच ये. लवकर ये.