चिंचोक्यांचा डाव

भाजलेल्या चिंचोक्यांचा वास आला की शिरूर कासारची ती दुपार आठवते. ऊसतोडीला निघालेलो आम्ही ट्रकची वाट बघत झाडाखाली बसलो होतो. मित्राची बायको तीन दगडांच्या चुलीवर चिंचोके भाजत होती. "मला बी तीन पत्ती शिकव की," मित्र म्हणाला. शिकवावं का नको, मन कचरत होतं. पण पैसे नाहीत, नुसते चिंचोके लावायचे, म्हणून पत्ते वाटले. तो हरतच गेला. त्याचं हसणं थांबलं, मग बोलणं. शेवटचा चिंचोका गेला तसा तो उठला आणि ऊस तोडायचा, धार लावलेला नवा कोयता आणून डावावर लावला. "आरं, चिंचोकेच हायेत बे!" मी म्हणालो. "वाट," तो म्हणाला. चुलीवरचं उलथनं थांबलं. तेवढ्यात ट्रक आला. पत्ते मी मुद्दाम झाडाखालीच टाकले. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा बघतो, तर तो तेच पत्ते पिसत बसलेला. आजही तो वास आला की आधी ते पिसणं ऐकू येतं.