कोण लोक आहेत?

‘‘चावी खाली ठेवा,’’ काकू म्हणाल्या.

मी हात पुढे केला होता. जाळीच्या दारासमोर. दार त्यांनी उघडलंच नव्हतं. मला वाटलं, गुडघे दुखत असतील, उठायला वेळ लागतोय. म्हटलं, ‘‘काकू, वरच्या फ्लॅटची दुसरी चावी बनवून आणलीय. घ्या ना.’’

‘‘कळलं. तिथं ठेवा. फरशीवर.’’

ठेवली. काकू आत गेल्या, पितळी तांब्या घेऊन आल्या, दार वीतभर उघडलं आणि चावीवर पाणी ओतलं. एकदा नाही, तीनदा. मग उचलली. पाणी वाहत माझ्या चपलांपर्यंत आलं.

‘‘राग मानू नका हं. आमच्याकडे देवाचं असतं.’’

आदल्या दिवसापर्यंत ‘अगं’ होतं. ‘अगं ये, बस, पंख्याखाली बस.’ आज ‘अहो’ झालं. आपल्या मराठीत कोणाला लांब ढकलायचं तर शिवी लागत नाही. नुसता मान दिला तरी पुरतो.

टी. टी. नगरमधलं हे घर. सहा वर्षांत त्यांचा वरचा फ्लॅट मी चार वेळा भाड्यानं लावून दिला. सहा वर्षं त्यांच्या सोफ्यावर बसले. होळीची पुरणपोळी त्यांनी मला ताटात वाढली, वरून तूप सोडलं. भोपाळमध्ये आपलं माणूस भेटलं म्हणायच्या. मग एका रात्रीत काय झालं? एक सही झाली. किरायानाम्यावर दोन साक्षीदार लागतात. भाडेकरूचा मित्र यायचा होता, तो आला नाही. मी म्हटलं, चला, मीच करते. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. आधारची झेरॉक्स जोडली. सहा वर्षांत पहिल्यांदा काकूंनी माझं आडनाव वाचलं.

आम्ही दलित. वडील नागपूरकडून इथं आले, मोठ्या कारखान्यात खलाशी म्हणून, म्हणजे हेल्पर म्हणून लागले. मी क्वार्टरमध्येच वाढले. ते रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि आम्ही दोघं आनंद नगरात खोली शोधत फिरायला लागलो. खोल्या होत्या. भिंतीवर ‘किराये से देना है’ लिहिलेलं असायचं. वडील नाव सांगायचे आणि खोली तिथल्या तिथं जायची. कोणाचा भाचा येणार असायचा, कोणाला फक्त शाकाहारी हवे असायचे. वडील म्हणायचे, ‘‘आमीबी शाकाहारीच आहो न बापा.’’ तरी नाही. दोन महिने आम्ही चपला झिजवल्या. त्या दोन महिन्यांत मला आनंद नगरची प्रत्येक गल्ली पाठ झाली.

माझा धंदा तिथून सुरू झाला. कोणत्या घरात नळाचं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, कोणती कॉलनी नाल्यावर भर टाकून उठवलीय, कोणत्या प्लॉटवर भाऊ-भाऊ कोर्टात आहेत, हे मला कोणी शिकवलं नाही. पायांनी शिकवलं. लोक विचारायला लागले. एका मास्तरांना मी सांगितलं, हे घर घेऊ नका, पावसाळ्यात मागची भिंत झिरपते. दलालानं गिऱ्हाईक परत पाठवलेलं त्यांनी पहिल्यांदा बघितलं! त्यांनी पुढं दहा जणांना माझं नाव सांगितलं. मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागले, तेव्हाही तेच. आधी नळ सोडायचा, मग संडासाचं दार उघडायचं, मग ओल आलेला कोपरा दाखवायचा. बाकीचे दलाल हसले. पण लोक माझ्याकडे आले.

नाव मात्र ‘ताई’. कार्डावर ताई, व्हिडिओत ताई, फोनवर ताई. वडिलांचाच सल्ला. ‘‘आडनाव खाऊन टाक,’’ म्हणाले होते. खाल्लं. पचलं असंही वाटायला लागलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगायला लाज वाटते. तरी सांगते.

या धंद्यात घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. ‘कोण लोक आहेत?’ हा असतो. मालक भाडेकरूला स्वतः कधी नाही म्हणत नाही, ते काम दलालाचं. मालक चांगला राहतो, हसतो, नमस्कार करतो. दलालानं फोनवर आधी पूर्ण नाव विचारायचं आणि तिथंच माणूस चाळून टाकायचा. मी चाळत होते. गोड बोलून. मुसलमान आला, ‘रूम निकल गई भैया.’ आमच्यातला आला, ‘अहो, कालच गेली.’ माझ्याइतकं गोड कोणी चाळत नव्हतं. म्हणून तर मालक माझ्यावर खूश!

यवतमाळची एक नर्स होती. नवी नोकरी, शहरात कोणी नाही. माझा व्हिडिओ बघून तिनं फोन केला, मराठी ऐकून तिला कोण आनंद झाला. बोलता बोलता मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. माझंच आडनाव. मी म्हटलं, ‘‘अगं, ती रूम गेली गं.’’

ती म्हणाली, ‘‘ताई, माझं नाव ऐकेपर्यंत तर होती.’’

मी फोन ठेवला. कुकर लावला. वडिलांना जेवायला वाढलं. ती रूम काकूंची होती. तो वरचाच फ्लॅट.

काकूंच्या दारातून ओल्या चपलांनी खाली उतरले तेव्हा मला नर्स आठवली नाही. खोटं कशाला बोलू. मला माझंच रडू आलं. पुरणपोळी आठवली, मी उष्टे केलेले कप आठवले, त्या कपांचं काल रात्री काय केलं असेल, याचा विचार करत बसले. स्कूटीवर बसून रडले, भर दुपारी, येणारे-जाणारे बघत होते.

आठवड्यानं काकूंच्या भाच्याचा फोन आला. हा बिल्डर. रायसेन रोडवर त्याची नवी इमारत चालली होती. सगळे फ्लॅट मीच विकायचे, असं आमचं तीन महिन्यांपूर्वी ठरलं होतं. त्या कामातून माझं स्वतःचं ऑफिस होणार होतं. तोवर घराच्या पुढच्या खोलीत, वडिलांच्या खाटेशेजारी टेबल टाकून बसत होते. गाळासुद्धा बघून ठेवला होता. मला वाटलं, आता हे काम गेलं. पण त्यानं साइटवर बोलावलं.

चहा आला. कागदी कपात. साइटवर सगळ्यांनाच कागदी कप असतो. पण मी आता प्रत्येक कपाकडे बघायला लागले होते. हे काकूंनी दिलं मला.

तो म्हणाला, ‘‘मावशी जुन्या वळणाची आहे. मी असलं काही मानत नाही. काम तुमचंच. बोर्डावर तुमचा फोटो मोठा टाकू. नाव ‘ताई’ एवढंच राहू द्या. आडनावाची काय गरज? लोक उगाच दस बातें करतात.’’

मी मान हलवली. हो, हलवली. गाळा डोळ्यासमोर होता.

‘‘आणि बुकिंग घेताना जरा बघून घ्या. माहौल एकसारखा राहिला की फ्लॅट लवकर उठतात.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे तुमच्याकडचे लोक आले तर प्रेमानं सांगा, फ्लॅट संपले. तुम्ही हे करताच की. और आपसे बेहतर उनको कौन पहचानेगा?’’

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर कमी, माझ्यावर जास्त. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. काकूंनी चावीवर पाणी ओतलं, पण यवतमाळच्या पोरीवर मीच ओतलं होतं. तांब्या तेवढा त्यांचा होता. मला बाहेर ठेवणाऱ्यांच्या दारावर मी इतकी वर्षं पहारा देत होते आणि त्यालाच आपली गुडविल म्हणत होते.

मी उठले.

‘‘हे काम मी करणार नाही.’’

‘‘सोच लीजिए, ताई.’’

‘‘ताई नका म्हणू. पूर्ण नाव घ्या.’’

त्याला माहीत होतं. मावशीनं सांगितलंच असणार. त्यानं घेतलं नाही. मग मी घेतलं. मोठ्यानं, आडनावासकट. बाहेर सेंट्रिंग ठोकणारा एक मजूर वळून बघायला लागला. मी आवाज खाली आणला नाही.

घरी आल्यावर वडील म्हणाले, ‘‘काहून सोडलं बाई एवढं मोठं काम?’’ मी सगळं सांगितलं. नर्सचंही. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. सल्ला त्यांचा होता, हे त्यांनाही आठवलं असावं.

दुसऱ्या दिवशी नर्सचा नंबर शोधून लावला. म्हटलं, मी खोटं बोलले होते. रूम होती. माझं आडनावही तुझंच आहे. माफ कर.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘मला घर मिळालं. माझं मी शोधलं.’’ आणि, ‘‘ड्यूटी आहे, ठेवते.’’ माफ केलं म्हणाली नाही. का म्हणावं तिनं?

मग बोर्ड रंगवायला टाकला. पेंटर म्हणाला, ‘‘मॅडम, इतना बड़ा सरनेम?’’ म्हटलं, और बड़ा करो. तसाच व्हिडिओ केला. घर नाही, नळ नाही, नुसती मी आणि माझं पूर्ण नाव. त्या आठवड्यात मालकांचे फोन सुरू झाले. ‘सध्या आम्ही भाड्यानं देत नाही आहोत.’ एकानंही कारण सांगितलं नाही. सगळे फार गोड बोलले. ती भाषा मला येते, मीच तर बोलत होते. गरज सरो, वैद्य मरो. गाळा दुसऱ्यानं घेतला. टेबल अजून खाटेशेजारीच आहे. भीती वाटते. वडिलांच्या औषधांचं काय, याचा हिशोब रोज मांडते.

पण एक गोष्ट पक्की झाली. आता मालकानं विचारलं, ‘‘कोण लोक आहेत?’’ की मी आधी माझंच आडनाव सांगते. सावकाश. फोन ठेवणारे ठेवतात. जे ठेवत नाहीत त्यांना सांगते, घर बघायला येणाऱ्याचं नाव मी विचारणार नाही, जो येईल त्याला घेऊन येईन. कोणाला दारातून परत पाठवायचं असेल तर दार उघडा, त्याच्या डोळ्यात बघा आणि स्वतःच्या तोंडानं नाही म्हणा. मी शेजारी उभी राहून ऐकेन. घरं भाड्यानं लावून देणं हा माझा धंदा आहे. माझं तोंड भाड्यानं मिळणार नाही.