शिशाचं गणित

अणुकेंद्रकात शिरल्यावर कण तोच राहतो का, या एका प्रश्नावर विद्यापीठातली माझी सहा वर्षं गेली. सुटा न्यूट्रॉन साधारण पाव तासात मोडतो, केंद्रकात मात्र टिकून राहतो. शिवाय आत गेल्यावर तो हलका झाल्यासारखा वागतो. किती हलका, ते मी कॅल्शियमच्या केंद्रकापर्यंत काढलं होतं. शिसं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात सन दोन हजार उजाडलं की संगणकांच्या तारखा चुकतील, या धास्तीनं सॉफ्टवेअर कंपन्यांना जुने प्रोग्राम वाचणारी माणसं हवी झाली. विश्रांतवाडीहून बसनं विद्यापीठात जाणारी मी कंपनीच्या गाडीतून जायला लागले. मार्गदर्शक सरांना म्हटलं, "रविवारी बसून शिसं पुरं करते."

"करा की. आत गेलं की बदलतं, हा आपलाच निष्कर्ष आहे," सर म्हणाले.

कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. प्रबंधाचं प्रकरण परत यायचं ते लाल शाईनं बरबटून. समासात टोमणे, 'हे झोपेत लिहिलंत का?' माझे रविवार खरोखरच झोपेत गेले.

दीड वर्षानं एका दुपारी गेटवरून फोन आला, "मॅडम, एक वयस्कर सर आलेत." मी मीटिंगमध्ये होते. उठता आलं असतं, पण सगळ्यांदेखत बोलणी खायची नव्हती. "पंधरा मिनिटं बसवा," म्हटलं आणि दीड तासानं खाली उतरले. सर गेले होते. गेटवरच्या वहीत येण्याचं कारण लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीकडे काम'. माझ्यासाठी जाडजूड पाकीट ठेवलं होतं. एवढं जाड, म्हणजे टोमणेही तेवढेच असणार. मला त्यांचाच राग आला. पाकीट न फोडता खणात टाकलं.

पुढच्या वर्षी सर वारल्याचं कळलं, तेव्हा ते फोडलं. जन्मात संगणकाला हात न लावलेल्या सरांनी माझाच प्रोग्राम चालवून शिशाचं गणित पुरं केलं होतं. वर चिठ्ठी होती: 'नोंदणीची मुदत या महिनाअखेर संपते. आकडे तपासून घ्या, माझे डोळे अधू झालेत. बाकी प्रबंध तयार आहे. आपण फक्त सही करायला या.'

लाल शाई कुठंच नव्हती.

पीएचडी का सोडलीत, असं लोक अजून विचारतात. घरच्या अडचणी होत्या, असं मी सांगते.