छापाचा पाट प्रयोगशाळेत

टेम्पो फाटकाशी थांबला आणि सकाळी दात घासताना जिला ब्रशसुद्धा जड वाटतो ती मी पायऱ्या उतरून पळत गेले. नवऱ्याच्या मते ते पळणं नव्हतं, "जरा लगबगीनं चालणं" होतं. त्याचं राहू दे. मी पळालेच होते.

टेम्पोत टोमॅटोचे क्रेट, क्रेटांच्या मध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेला माझ्या आजोबांचा छापाचा पाट, आणि ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर पितळी डबा घट्ट धरून बसलेली माझी आत्या. पाट आत्याच्या गावाहून, सरगूरहून यायचा ठरला होता. आत्या यायची ठरली नव्हती.

"आत्या, तू कशाला आलीस गं एवढ्या लांब?"

"मग काय, पाटाला एकट्याला पाठवू? टोमॅटोबरोबर? अय्यो! कुठल्या तरी हॉटेलात उतरवला असता त्यानं."

आमची मंडळी मूळची रंगारी. कापड रंगवायचं आणि लाकडी ठशांनी छापायचं, हा पिढ्यांचा धंदा. तो आजोबांबरोबर संपला. मी बोगादीच्या पुढच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. म्हणजे रंग राहिले, कापड गेलं. आजोबांचा कापड छापायचा पाट आत्याकडे राहिला होता आणि तिथं त्याच्यावर पापड लाटले जात. गुडघ्याएवढ्या उंचीचा, फणसाच्या लाकडाचा, कडांना अजून निळी-तांबडी झाक असलेला. त्या आठवड्यात मला तो हवा होता, कारण शनिवारी माझी ल्याब राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

आता मूळ दुखणं सांगते. काही वर्षांपूर्वी मला सगळीकडे दुखायला लागलं. सगळीकडे म्हणजे खरंच सगळीकडे. कानाची पाळी तेवढी सुटली असेल. झोपून उठले की कुणीतरी रात्रभर धुणं आपटावं तसं मला आपटलंय असं वाटायचं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल. आमच्या घराण्यात एवढे चांगले मार्क कुणाला पडले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "बघ, काही नाहीये तुला." नणंद म्हणाली, "मनाला लावून घेतेस तू." शेवटी एका डॉक्टरांनी अंगावर ठिकठिकाणी बोटं दाबली, मी ठिकठिकाणी ओरडले, आणि त्यांनी नाव सांगितलं: फायब्रोमायल्जिया. मरायचं नाही, पूर्ण बरंही व्हायचं नाही. तरी नाव मिळाल्याचा मला इतका आनंद झाला की येताना पेढे घेतले. नवरा म्हणाला, "बारसं झालं वाटतं."

डॉक्टर म्हणाले होते, नोकरी सोडू नका, पण काम तुकड्यातुकड्यांत करा. फार वेळ उभं राहायचं नाही, फार वेळ बसायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. आणि माझी नोकरी काय? उंच ओट्यापाशी दिवसभर उभं राहून उंच स्टँडला लावलेल्या उंच काचेच्या नळीत वरून द्रावण ओतायचं. त्यात डोक्यात मधूनच धुकं उतरतं. एकदा भर वर्गात मला 'पिपेट' हा शब्द आठवेना. "ते घ्या... ते... शिट्टीसारखं," असं मी म्हणाले. मुलांनी बरोबर तेच आणून दिलं. मुलं हुशार आहेत.

आमचे प्रिन्सिपल सर दयाळू. हेच अवघड होतं. त्यांनी माझा थरथरता हात पाहिला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्ही नुसती थिअरी घ्या. ल्याब नव्या मॅडम बघतील. आराम करा." मी "बघू सर" म्हणाले, स्टाफरूममध्ये गेले आणि डबा उघडून चित्रान्न खाल्लं. खाऊन झाल्यावर कळलं, डबा हिंदीच्या मॅडमचा होता.

थिअरीला मी नाही म्हणत नाही. पण वर्गात मुलं माझ्याकडे बघतात, आणि मी काही बघण्यासारखी नाही. ल्याबमध्ये मुलं रंगाकडे बघतात आणि मी मुलांकडे. फ्लास्कमध्ये तो पहिला गुलाबी थेंब टिकतो तेव्हा सतरा वर्षांच्या दांडगटांची तोंडं कशी होतात, ते बघायला मी वीसएक वर्षं कॉलेजला जातेय. ते गेलं तर उरतं काय? फळा आणि मी.

मार्ग सापडला तो सरगूरला, पापड लाटताना. आत्याकडे त्या पाटापाशी छोट्या स्टुलावर बसून मी दुपारभर लाटत होते, आणि संध्याकाळी लक्षात आलं, अरे, खांदे बोलत नाहीयेत! मी आत्याला विचारलं, आजोबा कसे काम करायचे गं? ती म्हणाली, "बसून छापायचे. कापडाचा एक पट्टा छापून झाला की उठायचे, अंगणात दोरीवर टाकून यायचे, परत बसायचे. दिवसभर ऊठबस, ऊठबस." मी लाटणं हातात धरून तशीच बसले. डॉक्टरांनी फी घेऊन सांगितलं तेच की! फक्त आजोबांना ते कुणी सांगितलं नव्हतं, ओलं कापड वाळवायलाच लागायचं.

सोमवारी मी सरांपुढे उभी. "सर, एक शनिवार द्या. मी बसून प्रॅक्टिकल घेते. तुम्ही येऊन बघा. हात चालला नाही तर थिअरी, एक शब्द बोलणार नाही." सरांनी मान डोलावली. "आयतु, मॅडम," म्हणाले. झालं, ठरलं. मला शुक्रवारी रात्री झोप लागली नाही. पण यावेळी दुखण्यामुळे नाही, याची मी मुद्दाम नोंद घेतली.

शनिवारी पाट ल्याबमध्ये मांडला. ओट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो असा दिसत होता, जणू मोठ्या माणसांच्या सभेत कुणी बाळ रांगत आलंय. मी बर्नरची नळी तपासत होते तेवढ्यात आत्यानं पितळी डबा उघडून आपलं काम उरकलं. ते मी तेव्हा पाहिलं नाही. मग ती कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली आणि मुलं आत यायला लागली तशी तिची ड्यूटी सुरू झाली.

"चप्पलि बिडि! चप्पल काढा! छापाचा पाट आहे तो!"

"कुणी काढायची नाही!" मी ओरडले. "ॲसिड आहे. बूट पायातच पाहिजेत!"

मुलं दारात अडकली. एकीकडे मिस, दुसरीकडे मिसची आत्या.

"तुझ्या आजोबांसमोर कुणी चपला घालून पाटाजवळ आलं नाही."

"आजोबांकडे कॉस्टिक सोडा नव्हता."

"होता की! कापड कशानं धुवायचे?"

मी मुलांच्या बुटांकडेच बोट दाखवत राहिले. आत्या म्हणाली, बरं, बूट असू देत, पण पाटाला पाय लावायचा नाही. मुलांनी तेवढं मान्य केलं. इतक्यात सर आले. त्यांनी आत्याच्या बोलण्याचा फक्त पहिला भाग ऐकला असावा, कारण नम्रपणे एक बूट काढला. मी म्हटलं, "सर, नको, ॲसिड." दुसरा काढता काढता ते थांबले, आणि पुढचा सगळा कार्यक्रम त्यांनी एका पायात बूट, एका पायात मोजा असा बघितला. कुणालाच सांगायचा धीर झाला नाही.

मी स्टुलावर बसले. स्टँड पाटावर, ब्युरेटचं तोंड माझ्या हनुवटीच्या खाली. खांदे कुरकुरले नाहीत. मुलं भोवती गोल उभी, आणि पहिल्यांदाच शेवटच्या रांगेतल्यांनाही द्रावणाची पातळी दिसत होती. मला इतकं बरं वाटलं की मी बोलायलाच लागले, हातवारे करायला लागले, आणि फनेलमधून सोड्याचं द्रावण ओतताना हात हलला. थोडंसं पाटाच्या कडेवर सांडलं.

कड लाल झाली.

"मिस, रक्त!" पुढची मुलगी किंचाळली. सगळे एक पाऊल मागे. सर एक बूट घालून पुढे. "मॅडम! काच लागली का? हात दाखवा!" त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, पुढच्या वर्षीचं टाइमटेबल तिथंच ठरत होतं. मी हात उलटसुलट करून बघितला. कुठं काही नाही. दुखत होता, पण तो रोजच दुखतो.

मग मी वाकून कड बघितली. लाल डागाच्या भोवती पिवळं होतं. शेजारी कुंकवाचं बोट.

"आत्या, तू हळद-कुंकू लावलंस?"

"लावणार नाही तर! पहिल्यांदा कामाला बसवतेस, कोरा ठेवू? तुझ्या आईनं काही शिकवलंच नाही तुला."

मला हसू आवरेना. ड्रॉपर घेतला, त्या लाल डागावर पातळ ॲसिडचे थेंब टाकले. लाल गेलं, पिवळं आलं. पुन्हा सोडा, पुन्हा लाल. मुलं एकदम पाटावर झुकली, आत्या "पाय! पाय!" ओरडली, आणि ल्याबमध्ये असा गलका झाला की शेजारच्या फिजिक्सच्या ल्याबमधून कुणीतरी डोकावून गेलं.

"हळद इंडिकेटर आहे?" किंचाळलेली मुलगी. "आमच्या घरी डबाभर आहे!"

"मिस, मग कुंकू? कुंकू आधीच लाल कसं?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं, आणि अगदी आजोबांसारखी उठले. गोलातून एक चक्कर मारून, प्रत्येकाच्या मागं थांबून परत बसले. तोवर कुणीतरी बोललंच: हळदीत चुना घालून करतात, म्हणजे त्यात बेस आहे. म्हणजे ॲसिड टाकलं तर...

"थांबा," आत्या कोपऱ्यातून उठली. तिचं कुंकू घरी केलेलं, असा तिचा आयुष्यभराचा दावा. विकतच्याला ती हात लावत नाही. "टाका. बघू या."

सर म्हणाले, "मी टाकतो." ड्रॉपर त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि मोज्यातला पाय सांभाळत पाटापाशी उकिडवे बसले. एक थेंब, दुसरा थेंब. कुंकू लालच राहिलं. आत्याचं तोंड बघवेना. मग कडेकडेनं, हळूहळू, ते पिवळं पडायला लागलं.

"बघा!" आत्या. "बघा! चाळीस वर्षं सांगतेय मी!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या केमिस्ट्रीला होत्या की आत्याला, हा प्रश्नच नव्हता.

नंतरचं टायट्रेशन मुलांनी स्वतः केलं, ओट्यांवर. मी थोडा वेळ त्यांच्यात फिरायचे, थोडा वेळ पाटापाशी येऊन बसायचे. तास संपला तेव्हा मी दमले होते, पण उभ्यानं दमते तशी नाही. सर दाराशी दुसरा बूट शोधत होते.

"मॅडम," ते बुटात पाय घालत म्हणाले, "हात हलतो तुमचा."

"हलतो सर. काही दिवस जास्त हलेल."

"हं." त्यांनी नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "ओतायचं काम मुलांना द्या. बाकी टाइमटेबल आहे तसंच राहू दे. पण हा पाट कॉलेजला मिळेल का?"

मी उत्तर देण्याआधी आत्या पुढं. "मिळेल. पण दसऱ्याच्या आयुधपूजेला सरगूरला आला पाहिजे. आणि टोमॅटोबरोबर नाही पाठवायचा."

सरांनी दोन्ही बुटांसकट हात जोडले.

रविवार मी पूर्ण अंथरुणात काढला, हे सांगितलं नाही तर नवरा सांगेलच. पाठ, मान, पोटऱ्या, सगळे हजेरी लावून गेले. आत्या पायाशी बसून पापडांचं पीठ मळत होती आणि फोनवर कुणाकुणाला कुंकवाची हकीकत ऐकवत होती. दर फोनला थेंब वाढत गेले. मी छताकडे बघत पुढच्या बॅचचा विचार करत होते. जास्वंद, लाल कोबी, बीट. स्टूल थोडं उंच हवं.

सोमवारी ल्याबमध्ये गेले तेव्हा पाटाच्या कडेवर हळदीचं ताजं बोट होतं. आत्या तर तोवर सरगूरला पोचली होती, म्हणजे हे दुसऱ्याच कुणाचं तरी काम. मी कुणाला विचारलं नाही, पुसलंही नाही. स्टूल ओढलं आणि बसले.