थोरलीची ओळ

भागा गेल्याची खबर मला केजच्या बाजारात कळली. ओळखीचा एक मेंढका गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्यासमोर नुसताच उभा राहिला. मी मिरच्या निवडत होते. त्याचं तोंड पाहिलं आणि समजले. दीड महिना झाला त्याला. घरची धाकटी जाऊ गेली आणि थोरलीच्या मनात पहिल्यांदा काय यावं? मला वाटलं, इथंही ही माझ्या पुढंच गेली. लिहायला लाज वाटते, पण भागाबद्दल लिहायचं आणि हेवा वगळायचा म्हटलं तर माझ्याजवळ फारसं काही उरत नाही.

मी मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली. निजामाच्या मुलखात, मेंढरं राखणाऱ्या घरात वाचता येणारी बाई म्हणजे अप्रूपच. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि गावातल्या बायकांत मराठी बालबोध अक्षर लागायचं ते मला एकटीला. मडमेनं मला चष्मा दिला, ख्रिस्ती शास्त्राचं जाड पुस्तक दिलं, आणि रविवारच्या उपासनेत वाचायचा मान माझा झाला. तो मी चांगला मिरवायचे. भागा युसूफ वडगावकडची, अक्षराशी ओळख नाही. लग्न होऊन आली आणि आठ दिवसांत म्हणाली, आक्का, रोज पहाटे मला थोडं वाचून दाखवाल का? मला बरं वाटलं. चला, एक शिष्या मिळाली.

पण शिष्या कसली... मी अख्खा अध्याय वाचायच्या तयारीनं बसायचे आणि ही एका ओळीवर थांबवायची. तीच ओळ पुन्हा, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा वाचताना जात्याचा खुंटा सोडून डोळे मिटायची, मग म्हणायची, "पुरे." त्या 'पुरे'चा मला फार राग यायचा. मग लोकरीचा एक धागा माझ्या हातात द्यायची, मी तो त्या पानात ठेवायचा, आणि ती ओळ घेऊन ही दिवसभर मेंढरांमागं. कधी एकच ओळ दहा-दहा दिवस चालायची. विहिरीवर आलेली बाई आपली घागर तिथंच सोडून गावात धावली, ती गोष्ट मी शंभरदा वाचली असेल. भागानं तिच्यातली घागरीची तेवढी ओळ अकरा दिवस धरली. मी म्हटलं, विसरली असेल बिचारी घाईत. भागा म्हणाली, "इसरली न्हाई, आक्का. ठिवली तिनं." आणि बाराव्या दिवशी ही पाणवठ्यावरून रिकाम्या हातानं परत आली. एका विधवेची घागर फुटली होती, तिला आपली देऊन मोकळी. पुढं महिनाभर आम्ही लहान कळशीनं पाणी भरलं. मी घरभर कुरकुरत होते, पण खरी खुपणारी गोष्ट वेगळीच होती. पुस्तक माझं, डोळे माझे, आणि देव बोलायचा तो हिच्याशी.

हळूहळू बायकांनाही ते कळलं. उपासना सुटली की माझ्याजवळून पुढं जाऊन भागाभोवती बसायच्या, या आठवड्यात तुला काय मिळालं म्हणून विचारायच्या. वाचलेलं असायचं मी! अशाच एका रविवारी माझं पित्त खवळलं. दुसऱ्या पहाटे मी पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मनचंच बोलले, "थोरलीकडे आधी पाहा, कारण तिच्याकडे कोणी पाहिलेलं नाही." पहिला अर्धा भाग मी रात्री ठरवून रचला होता. दुसरा तोंडातून कसा निघाला, मलाही कळलं नाही. भागानं तीनदा म्हणायला लावलं. पुरे म्हणाली. धागा दिला. तो शास्त्रात ठेवायचा मला धीर झाला नाही, चष्म्याच्या घरात कोंबला.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत सोडून देईल. तिनं महिनाभर दुसरी ओळ मागितली नाही. पहिली भाकरी माझ्या ताटात पडू लागली. संध्याकाळी मेंढरं वाड्यात कोंडून आली की माझ्या भेगाळलेल्या टाचांना तेल चोळायची. बायका काही विचारायला आल्या की म्हणायची, आक्कांना इचारा. जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि एकही घास गोड लागला नाही. उलट जास्तच जळफळाट झाला, कारण माझं खोटंसुद्धा ही माझ्यापेक्षा चांगलं पाळत होती.

मग कित्येक वर्षांनी तिला ताप धरला, तो उतरेना. एका सकाळी मी पुस्तक घेऊन उशाशी बसले, काय वाचू म्हणून विचारलं. म्हणाली, थोरलीची ओळ वाचा. मी पानं उलटायला लागले... उलटतच राहिले. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, आक्का. त्यात न्हाई ती."

कुणी सांगितलं, म्हटलं.

"वाचताना तुमचं बोट चालतंय. त्या दिशी ते जागचं हाललं न्हाई."

"मग कावून पाळलीस गं?"

"बाकी समदं देवाचं व्हतं. ते तुमचं व्हतं. एरवी तुमी मला कवा काय मागितलं?"

मी उठले. भांडी घासायची आहेत म्हणाले. त्यानंतरचे आठ दिवस मी तिच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. पेज करायचे आणि माझ्या लेकीच्या हाती पाठवायचे. बाजाराच्या दिवशी घरात मिरच्या असताना मिरच्या आणायला केजला गेले. एवढंच. माझं चुकलं, हे दोन शब्द तिच्या कानावर घालायचे राहिले ते राहिलेच.

हेवा अजून गेलेला नाही. इतकं नीट ऐकणारं माणूस माझ्या घरात होतं आणि ते मी नव्हते, याचा हेवा. पुस्तक तिच्या धाग्यांनी फुगलंय, नीट मिटत नाही. पहाटे जात्यापाशी बसते, चष्म्याचं घर उघडते, तर चष्म्याआधी तो धागा हाताला लागतो. त्याला ठेवायला पुस्तकात पान नाही, म्हणून मुठीत धरते. मग एक ओळ घेते, बोट चालवत तीनदा वाचते आणि थांबते. पुरे कोणी म्हणत नाही. मी चौथ्यांदा वाचते.