पडद्याला विचारलं का?

तनुजाला राग यायला कारण लागत नाही, असं उस्मानपुऱ्यातल्या त्या ऑफिसात बोललं जायचं. साफ खोटं! कारण लागायचं, आणि ते रोज सकाळी मोटारीतून उतरायचं. विश्वजित त्याचं नाव, छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीचा मालक. "कोणाला विचारून केलं?" हे त्याचं पालुपद. खिडकी उघडली तरी तेच, चहात आलं टाकलं तरी तेच.

पोरगी दौलताबादची. वडील आप्पासाहेब किल्ल्याच्या पायथ्याला सीताफळाची बाग सांभाळून होते. "घागर बघून पाणी वतावं, बाई," असं ते म्हणायचे, आणि ते तिच्या कामात उतरलं होतं. काम काय, तर एक्स विंडो या प्रणालीची लायब्ररी, म्हणजे आयत्या लिहून ठेवलेल्या सूचनांचा साठा, वापरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्रं काढणारे प्रोग्राम लिहायचे. आता पडदे काय सगळे सारखे असतात व्हय? एखाद्याला एकच थर. एखाद्याला दोन: खाली चित्र, आणि त्यावर काच ठेवावी तसा दुसरा थर. वरच्या काचेवर काहीही काढा, पुसा, खालच्या चित्राला धक्का नाही. पण कोणत्या मशीनला काय जमतं ते नुसतं बघून कळत नाही, विचारावंच लागतं. लायब्ररीत त्यासाठी खास सोय आहे: बाबा रे, तुझ्याकडं थर किती, आणि वरच्या थरात आरपार दिसणारा रंग कोणता? तनुजाचा प्रत्येक प्रोग्राम आधी हे विचारायचा, मगच रंगाला हात लावायचा.

२००४ चा उन्हाळा. पाऊस दगा देत आलेला, आणि शहर मात्र बीड बायपासकडं मोकाट सुटलेलं. नळाला पाणी नाय आणि बाल्कनीला काचा! तिथल्या वसाहतींना पाणी पुरवणाऱ्या एका कंत्राटदारासाठी तनुजानं नकाशा केला. खालच्या थरात हिरव्या पाइपलाइनी. कुठं पाण्याचा दाब पडला, की वरच्या थरात तिथं लाल खूण. पाणी सोडणाऱ्या कडूबामामांनी तिला सगळी लाइन पायी फिरवून दाखवली होती. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर नकाशा झकास चालला.

उद्घाटनासाठी विश्वजितनं कंत्राटदाराच्या ऑफिसात भिंतीएवढा पडदा आणि नवं कोरं मशीन आणलं. तनुजा नेमकी गावी गेलेली. प्रोग्रामनं शिरस्त्याप्रमाणं विचारलं, मशीननं खरं उत्तर दिलं, आणि पडद्यावर पाटी आली: 'वरचा थर नाही.' पाहुणे तर दारात! मग या शहाण्यानं काय करावं? ती विचारणाच काढून टाकली! वर, चूक आली तरी गप्प बसायचं, हेही प्रोग्रामात लिहून ठेवलं. नकाशा उघडला, हिरवागार. टाळ्या, हार, पेढे. तनुजाला कुणी चकार शब्दानं सांगितलं नाही.

थोड्याच दिवसांत रस्त्याच्या खोदकामात पाइप फुटला. पाणी जमिनीखालून नाल्याला लागलं, नळ कोरडे पडले. कडूबामामांनी लगेच फोन केला. कंत्राटदाराच्या ऑफिसातला माणूस पडद्याकडं बघून म्हणाला, "इथं तर सगळं हिरवं आहे." मग पाणी गेलं कुठं? कंत्राटदाराच्या साहेबांनी उत्तर बसल्या जागी काढलं: कडूबानं टँकरवाल्यांना विकलं. कामावरून कमी करायचं ठरलं, पोलिसात द्यायची भाषा सुरू झाली.

मामा सरळ तनुजापुढं येऊन उभे राहिले.

"ताई, तुमचा पडदा मला चोर म्हनतो."

तिनं प्रोग्राम उघडला. स्वतः लिहिलेली विचारणा जागेवर नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या नव्या पडद्यावर लाल रंग जन्मल्यापासून दिसलाच नव्हता, आणि त्यापायी एका इमानदार म्हाताऱ्याची अब्रू चव्हाट्यावर! तिनं विचारणा होती तिथं परत घातली, मामांना स्कूटीवर मागं बसवलं आणि गाडी थेट कंत्राटदाराच्या ऑफिसला घातली.

तिथं भिंतीएवढ्या पडद्यासमोर साहेब आणि विश्वजित बसलेलेच होते. तनुजानं कुणाला नमस्कार केला नाही. प्रोग्राम बदलला, सुरू केला. हिरवा नकाशा गायब, आणि हातभर अक्षरात पाटी: 'वरचा थर नाही.'

विश्वजित ताडकन उठला. "कोणाला विचारून घातलं हे?"

"पडद्याला विचारून!" तनुजा कडाडली. "तो खरं सांगत होता, सर, तुम्ही त्याचं तोंड दाबलं. याला लाल दाखवताच येत नाही. उद्या सगळ्या शहराचे पाइप फुटले तरी हा हिरवाच राहील. आणि या मामांना विचारलं का कुणी? एकानं तरी?"

विश्वजित खाली बसला. साहेबांनी घसा खाकरला आणि पहिल्यांदा मामांकडं तोंड केलं.

"कडूबा, कुठं फुटलाय पाइप? चला, दाखवा."

मामा जागचे हलले नाहीत.

"दावतो की. आधी ते चोर म्हनलेलं माघारी घ्या."

साहेबांनी विश्वजितकडं बघितलं, विश्वजितनं पडद्याकडं. मामा दार अडवून उभेच होते. शेवटी साहेबांना सगळ्यांसमोर ते माघारी घ्यावं लागलं.